भोर घाट ८ बाय ४ च्या फळीवर: चढ कसा बांधायचा, रुळाखाली काय घालायचं?

घाटवेडा_दहिसर (१४ मे)

मंडळी, नमस्कार. लहानपणी दर मे महिन्यात आजोळी पुण्याला जायचो. कर्जतला गाडी थांबली की बाबा मला हाताला धरून फलाटाच्या पार टोकापर्यंत न्यायचे, घाटात गाडी ढकलायला मागून लागणारी बँकर इंजिनं दाखवायला. ती शेवटच्या डब्याला टेकताना बसणारा हलका धक्का अजून पायांना आठवतो. तो घाट मॉडेल रेल्वेत घरात करायचा, हे तेव्हापासून डोक्यात आहे.

आता हॉलमध्ये ८ बाय ४ फुटांची फळी केली आहे. घर वन बीएचके, त्यामुळे फळी दोरी-कप्पीने छताला ओढून ठेवतो आणि रविवारी खाली घेतो. गाडी एचओ मापाची, म्हणजे १:८७, खऱ्या गाडीच्या ८७ वा भाग. मांडणी इंग्रजी आठच्या आकाराची, एक रूळ दुसऱ्यावरून पुलाने जातो. गोलाई १८ इंच त्रिज्येची. चढासाठी थर्माकोलचे ठोकळे पाचरीसारखे कापून एकापुढे एक चिकटवले, त्यावर कॉर्क, त्यावर रूळ. खालच्या रुळाच्या माथ्यापासून पुलाच्या तळापर्यंत ७६ मिमी मोकळं ठेवलं. पुलाला १२ मिमी प्लाय आहे.

अडचणी तीन. चढ सुरू होतो त्याच जागी दुसरा किंवा तिसरा डबा सुटतो. सहा डबे घेऊन इंजिन गोलाईत जागच्या जागी चाकं फिरवत राहतं, सपाट सरळ रुळावर मात्र तेच इंजिन बारा डबे नेतं. आणि पुलाच्या अलीकडे एका ठरावीक ठिकाणी डबा रुळावरून उतरतो.

मला चढ १:३७ चाच हवा आहे (३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर), खऱ्या घाटासारखा. कुठे चुकतंय?

बोरिवली_लोको (१४ मे)

इंजिनात शिशाचे तुकडे घालून वजन वाढव, पकड वाढेल. आणि वरचा रूळ अख्खा वर उचलण्यापेक्षा अर्धी उंची वर ने आणि खालचा रूळ अर्धा खाली घे. दोन्हीकडे चढ निम्मा होईल.

पुठ्ठा_कटर (१५ मे)

मी आर्किटेक्टांसाठी मॉडेलं करते. रेल्वे हा माझा छंद, पण उतार-चढाचा हिशेब रोजचाच.

बोरिवली_लोको, खालचा रूळ खाली घेण्याची युक्ती चांगली आहे, पण दोन वेगळे मार्ग एकमेकांना ओलांडत असतील तेव्हा. इंग्रजी आठमध्ये रूळ एकच आणि अखंड आहे. पुलाखालून निघालेली गाडी एका पाकळीतून फिरून पुलावर येते आणि दुसऱ्या पाकळीतून उतरून पुन्हा पुलाखाली जाते. खालचा रूळ कितीही खाली घेतला तरी एका पाकळीत चढायची उंची तेवढीच राहते.

घाटवेडा, आता तुमचे आकडे मांडते. मोकळी जागा ७६, प्लाय १२, कॉर्क ५, रूळ आणि स्लीपर मिळून साधारण ५. रुळाच्या माथ्यापासून माथ्यापर्यंत ९८ मिमी. १८ इंची गोलाईच्या आठची एक पाकळी सुमारे ३ मीटर ७ सेंमी भरते. त्यातून पुलावरचा आणि पुलाखालचा सपाट भाग वजा करा, चढाच्या दोन्ही टोकांना लागणारा बाक वजा करा. खऱ्या चढाला उरतात जेमतेम अडीच मीटर. ९८ मिमी अडीच मीटरमध्ये चढायचे म्हणजे ४ टक्के, १:२५. तुम्हाला १:३७ हवा होता, म्हणजे २.७ टक्के. इच्छा आणि फळी यांच्यातच एवढं अंतर आहे.

गोलाईचा ओढा याच्या वर. मॉडेलवाल्यांचा जुना ढोबळ नियम असा: ३२ ला गोलाईच्या इंचांतल्या त्रिज्येने भागा, जेवढं येईल तेवढे टक्के चढात मिळवा. ३२ भागिले १८ म्हणजे पावणेदोन टक्क्यांच्या वर. तुमचं इंजिन गोलाईत पावणेसहा टक्क्यांचा चढ चढतंय. ते थांबतं यात इंजिनाचा काही दोष नाही.

निवृत्त_रूळवाला (१५ मे)

घाट सेक्शनमध्ये रुळांच्या देखभालीचं काम केलंय, म्हणून लिहितो. ताईंनी गोलाईचं सांगितलं ते खऱ्या रेल्वेतही आहे. ब्रॉडगेजवर वळणाच्या प्रत्येक अंशामागे चढ ०.०४ टक्क्याने कमी धरतात. त्याला ग्रेड कॉम्पेन्सेशन म्हणतात. वळण आलं की चढ थोडा मोडायचा, म्हणजे इंजिनाला दोन्ही ओझी एकदम पडत नाहीत. तुमच्याकडे जवळजवळ सगळा चढ वळणातच आहे.

डबा सुटतो त्याचं कारण चढाच्या पायथ्याशी आहे. सपाटीवर पट्टी ठेवा आणि चढावर दुसरी. दोन्ही जिथे मिळतात तिथे कोन दिसतोय का? कोन असेल तर पुढचा डबा नाक वर करतो, मागचा अजून सपाट असतो, कपलिंग, म्हणजे डबे जोडणारी कडी, वर-खाली होऊन निसटतं. खऱ्या रुळावर आम्ही तिथे उभा बाक देतो, व्हर्टिकल कर्व्ह. मॉडेलसाठी एवढं पाळा: तुमचा लांबात लांब डबा जेवढा, तेवढ्या अंतरात चढ एका टक्क्यापेक्षा जास्त बदलू नये. आपला जुना नेहमीचा आयसीएफ डबा (चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या बनावटीचा) १:८७ मध्ये साडेचोवीस सेंटिमीटर होतो. म्हणजे दोन टक्क्यांच्या चढाला पायथ्याशी अर्धा मीटर बाक, माथ्यावर अर्धा मीटर. माथ्यावरचा बाक लोक विसरतात. तिथे इंजिनाची टोकाची चाकं उचलली जातात आणि पकड नेमकी तिथेच जाते.

इतिहासप्रेमी_ठाणे (१६ मे)

१:३७ बद्दल थोडं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला, आजची मध्य रेल्वे) रेल्वेचा भोर घाट १८६३ साली सुरू झाला. मुख्य अभियंता जेम्स बर्कली. त्यांच्या आखणीत हा चढ सुमारे १६ मैलांचा होता आणि सरासरी १:४६ च्या आसपास, १:३७ ही त्यातली सर्वांत तीव्र बाजू. म्हणजे खरा घाटही सगळा १:३७ नाही.

जागा कमी पडली तेव्हा त्यांनी खंडाळ्याच्या खाली रिव्हर्सिंग स्टेशन केलं. गाडी एका दिशेने चढत यायची, थांबायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचं आणि गाडी उलट्या दिशेने पुढचा चढ घ्यायची. डोंगराच्या त्याच अरुंद कडेवर दुप्पट लांबी मिळाली. १९२९ मध्ये नवी मार्गिका झाल्यावर ते बंद झालं. ज्याच्याकडे भिंतीलगत फूटभर रुंदीची फळीच आहे, त्याने हे करून पाहावं, फार देखणं होतं.

तीव्र चढच हवा असेल तर माथेरान आहे. १९०७ ची दोन फुटी गेजची गाडी, १:२० चा चढ. डबे छोटे आणि मोजके, म्हणून ते जमतं.

घाटवेडा_दहिसर (१७ मे)

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री थर्माकोलवर दोन पट्ट्या ठेवून पाहिल्या. काका, कोन आहे. पाचर जिथे सुरू होते तिथे उभ्या धारेसारखा बोटाला लागतो.

ताई, मग आठ सोडून द्यायचा का? बोगदा आणि पूल दोन्ही हवेत मला.

पुठ्ठा_कटर (१७ मे)

आठ सोडा, पूल ठेवा. फळीवर दोन फेऱ्यांचा मार्ग घ्या. बाहेरची फेरी २२ इंच त्रिज्येची, आतली १८ ची, दोन्ही एकमेकींत गुंतलेल्या. एका फेरीत गाडी चढते, दुसऱ्या फेरीत उतरते, आणि बाहेरून आत येताना स्वतःलाच पुलाने ओलांडते. एक फेरी पावणेसहा मीटरच्या आसपास भरते. सपाट भाग आणि बाक वजा जाता चढाला ५ मीटर मिळतात. चढती फेरी बाहेरची ठेवा, कारण तिथे गोलाईचा ओढा दीड टक्क्याच्या आत राहतो. आतल्या १८ वर गाडी उतरणार आहे, तिथे चालेल.

मग उंची कमी करा. बहुतेक जण इथे लक्ष देत नाहीत. ७६ मिमी कशाला? आपल्या ब्रॉडगेजचं उंचातलं उंच सामान्य वाहन सव्वाचार मीटरच्या आसपास, म्हणजे १:८७ मध्ये ५० मिमीच्या आत. तुमच्या पुलाखाली ओव्हरहेड वायर नाही. असती तर तार साडेपाच मीटरवर, म्हणजे रुळापासून ६३ मिमीवर आली असती. पेंटो (इंजिनाच्या टपावरचा तारेला टेकणारा सांगाडा) खाली बांधलेला असेल तर ६५ मिमी मोकळी जागा भरपूर झाली. पुलावर १२ मिमी प्लायऐवजी २ मिमी ॲल्युमिनियमची पट्टी घ्या, कॉर्क तिथे नकोच, फक्त रूळ आणि पट्टी यांच्यामध्ये इन्सुलेशनसाठी कागद घाला. ६५ अधिक २ अधिक ५, झाले ७२ मिमी. ५ मीटरमध्ये ७२ मिमी म्हणजे दीड टक्क्याहून कमी.

बोगद्यात मात्र कंजुषी करू नका. आत गाडी पडली तर हात मनगटापर्यंत जायला हवा. मागच्या बाजूने तेवढी खिडकी ठेवा.

चाळीतला_सुतार (१९ मे)

आता बांधायचं कसं ते मी सांगतो. थर्माकोलच्या पाचरी काढून टाका. ठोकळ्याचा प्रत्येक सांधा म्हणजे एक नवीन कोन. आणि एक सांगून ठेवतो: मी एकदा रबरी सोल्युशनने थर्माकोल चिकटवायला गेलो, तर दहा मिनिटांत ठोकळ्यात मुठीएवढा खड्डा पडला. थर्माकोलला पांढरा फेविकॉलच.

कापून उचलायची पद्धत वापरा. ९ मिमी प्लायची शीट फ्रेमवर ठेवा, रुळाची मधली रेघ पेन्सिलने आखा, दोन्ही बाजूंना ३-३ सेंटिमीटर सोडून जिगसॉने कापत जा. कापलेली पट्टी एका टोकाला शीटला जोडलेलीच राहू द्या. ती उचलली की प्लाय आपोआप सुंदर बाक घेतो, काका म्हणतात तसा. फक्त घाई करून पायथ्याजवळ टेकू देऊ नका. सपाटीपासून पहिला टेकू किमान ४० सेंमी दूर. मधला भाग लाकडाला स्वतःच ठरवू द्या. तुम्ही तिथे मोजून टेकू घातलात तर पुन्हा कोन येणार.

पुढे दर ३० सेंमीला टेकू. १२ मिमी शीट वापरू नका, अख्खी शीट २० किलोच्या पुढे जाते आणि तुम्हाला ती छताला ओढायची आहे.

निवृत्त_रूळवाला (१९ मे)

टेकूची उंची मोजपट्टीने मोजत बसू नका. मुंबईतल्या कुठल्याही घरात फरशीला गॅलरीकडे नाहीतर मोरीकडे ढाळ असतो. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक नळी घ्या आणि आधी फ्रेमचे चारही कोपरे एका पातळीत आणा. बुडबुडा राहिला तर ती खोटं सांगते, म्हणून नळी आधी झटकून घ्या.

मग दोन फुटी, म्हणजे ६० सेंमीची पाणसळ घ्या. ७२ मिमी ५ मीटरमध्ये, म्हणजे ६० सेंमीमागे ८.६ मिमी. तेवढ्या जाडीची चकती पाणसळीच्या उतरत्या टोकाखाली चिकटवा. आता ही पाणसळ चढावर ठेवली आणि बुडबुडा मध्यावर आला की चढ बरोबर. टेकू वर-खाली करत बुडबुडा मध्ये आणायचा, स्क्रू आवळायचा, पुढे सरकायचं. गणित डोक्यातून जातं आणि चढ एकसारखा येतो.

बोरिवली_लोको (२० मे)

कॉर्क महाग पडतो. योगा मॅट कापून घातली तर? ५ मिमीची मिळते, आवाजही कमी येतो.

पुठ्ठा_कटर (२० मे)

मी केलं होतं. मॅट मऊ असल्याने इंजिन गेलं की रूळ दबतो आणि परत उठतो, सांध्यांवर ताण येतो. शिवाय वर खडी टाकून पातळ फेविकॉल सोडला की सगळं कडक होतं आणि कमी झालेला आवाज परत येतो. सपाट भागात चालून जातं, चढावर नको.

५ मिमी कॉर्कच घ्या. नोटीस बोर्डाचा किंवा गॅस्केटचा कॉर्क शीटमध्ये मिळतो, नागदेवी स्ट्रीटच्या बाजूला विचारा. पट्टी मधोमध चिरून दोन अर्ध्या करा. एक अर्धी मधल्या रेघेला टेकवून आधी चिकटवा, मग दुसरी. गोलाईत अखंड पट्टी वळत नाही, अर्धी सहज वळते. दोन्ही बाजूंचे सांधे समोरासमोर येऊ देऊ नका. बाहेरची कड कटरने तिरकी तासली की खडीचा उतार आपोआप मिळतो. सुकल्यावर लाकडी ठोकळ्याला पॉलिश पेपर गुंडाळून माथा घासा. एक दाणा राहिला तरी रूळ तिथे उचलला जातो.

चाळीतला_सुतार (२१ मे)

पावसाळा तोंडावर आहे, म्हणून एक महत्त्वाचं. प्लायची शीट आणल्या आणल्या कापू नका. घरात आडवी, खाली पट्ट्या घालून दहा-पंधरा दिवस राहू द्या. कापून झाल्यावर प्रायमर दोन्ही अंगांना आणि सगळ्या कडांना लावा. लोक वरूनच रंग मारतात. खालचं अंग उघडं राहिलं की ते दमट हवा पिऊन फुगतं आणि फळी वाटीसारखी वळते. एमडीएफ तर आणूच नका, त्याच्या कडा ऑगस्टपर्यंत फुगून दुप्पट होतात.

रुळाच्या सांध्यांत व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवा. निकेल सिल्व्हरचा ६ मीटर रूळ १० अंश तापमान वाढलं तर साधारण एक मिलिमीटर वाढतो. लाकूड दमटपणाने याहून जास्त हलतं. गोलाईतले सांधे डाग देऊन जोडले तरी सरळ भागातले मोकळे ठेवा.

घाटवेडा_दहिसर (१३ जुलै)

दोन महिने गप्प होतो, कारण दर रविवारी हेच काम चाललं होतं. थर्माकोल काढला, प्लाय पंधरा दिवस दिवाणाखाली ठेवला, कापला, उचलला. पट्टी वर येताना पायथ्याशी प्लाय जसा वळला ते पाहत मी आणि बायको दोघंही थांबलो. कुठे सपाटी संपली आणि चढ सुरू झाला ते हात फिरवूनही कळत नव्हतं. डबे सुटणं पहिल्याच फेरीत बंद झालं.

पण तिसरी अडचण तशीच आहे. डबा आता पुलाच्या अलीकडे नाही, दुसऱ्या जागी उतरतो. आणि गंमत नाही वाटली तेव्हा, कारण शनिवारी नीट चालत होतं, रविवारी फळी वर ओढून पुन्हा खाली घेतली की बिघडलं.

निवृत्त_रूळवाला (१३ जुलै)

रुळांवर आडवी छोटी पाणसळ ठेवून वीतभर-वीतभर सरकवत जा. दोन रूळ एका पातळीत आहेत का ते पाहा. एका जागी डावा रूळ उंच आणि पुढच्या वितेला उजवा उंच, असं झालं की त्याला आम्ही ट्विस्ट म्हणतो. डब्याची चार टोकं एका पातळीत राहत नाहीत, एक चाक हवेत जातं आणि रूळ सोडतं. चढ कितीही गोड असला तरी ट्विस्ट असेल तर गाडी राहत नाही.

फळी वर-खाली केल्यावर जागा बदलते, याचा अर्थ फ्रेमच पिळली जातेय. चार पाय चार वेगळ्या उंचीवर टेकत असतील.

घाटवेडा_दहिसर (२० जुलै)

काका, अगदी तेच निघालं. गॅलरीकडचा एक पाय ४ मिमी हवेत होता आणि फळी त्या कोपऱ्यात लटकत होती. चारही पायांना आटे असलेले बोल्ट बसवले आणि प्रत्येक पाय जिथे टेकतो तिथे फरशीवर खूण केली. नळीने पातळी लावून नट आवळून टाकले. फ्रेमला खालून एक तिरकी लाकडी पट्टीही मारली. त्यानंतर तीनदा वर-खाली केलं, डबा एकदाही उतरला नाही. दोन ठिकाणी टेकूच तिरका बसला होता, तिथे उजव्या बाजूला पुठ्ठ्याची पातळ पाचर सारली.

घाटवेडा_दहिसर (२१ सप्टेंबर)

गणपतीच्या दिवसांत फळी छतालाच होती, काल खाली घेतली. प्लाय जिथल्या तिथे आहे. सुतारदादा, दोन्ही अंगांच्या प्रायमरबद्दल धन्यवाद.

एकटं इंजिन आता आठ डबे घेऊन चढतं. दहा डब्यांना गोलाईत दम लागतो. मग मागून बँकर लावला. दोन्ही इंजिनं एकाच बनावटीची, तरी आधी दोन्ही एकेकटी पळवून वेळ घेतली. जे किंचित वेगवान ते पुढे, हळू ते मागे. उलट लावलं तेव्हा मागच्याने ढकलून मधले हलके डबे वळणात बाहेर फेकले. आता दहा डबे घेऊन गाडी पाच मीटर एका लयीत चढते. माझ्या मुलीने विचारलं, मागचं इंजिन का लावलं, आणि तिला कपलिंगजवळ बोट धरायला सांगितलं. धक्का बसला तो तिला कळला.

एकच हळहळ आहे. १:३७ नाही जमला.

बोरिवली_लोको (२१ सप्टेंबर)

दादा, हिशेब दिलास म्हणून माझाही चढ मोजला. माझा पाच टक्के निघाला. या दिवाळीत पोरांच्या किल्ल्याबरोबर माझाही घाट नव्याने होणार.

निवृत्त_रूळवाला (२२ सप्टेंबर)

घाटाच्या पायथ्याशी ग्रेडियंट पोस्ट लावा, चढ जिथे बदलतो तिथे रेल्वे लावते ती. पण त्यावर ३७ लिहू नका. चढ तुम्ही बांधलाय, तोच लिहा. पाणसळीखाली शेवटी किती मिलिमीटरची चकती आली?

घाटवेडा_दहिसर (२२ सप्टेंबर)

व्हर्नियरने आत्ता मोजली. ८.७. म्हणजे १:६९. आजच पाटी रंगवतो.